दख्खनी लोकर टोचते, मग काय झालं?

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीत मागे विणकामावर लेख आला होता, फोटो छानच होते, पण आपल्याकडच्या दख्खनी जातीच्या मेंढीची लोकर जाडीभरडी असते, फार कामाची नाही असं एका वाक्यात उडवून लावलं होतं, ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय.

एक तर त्या फोटोतले रंगीबेरंगी गुंडे मला कृत्रिम धाग्याचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचेच वाटले. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं तेच असतं. खात्री करायची तर छोटासा धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती पटकन विझते आणि राख बोटांनी चुरते, अ‍ॅक्रिलिक मात्र वितळून त्याचा टणक काळा मणी होतो.

आता दख्खनी टोचते का, तर हो, टोचते. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो आणि ३० च्या पुढचे तंतू अंगाला टोचायला लागतात, दख्खनीत असे भरपूर, त्यात मधेमधे राठ केस. पण गळ्यातला मफलरच करा असं सांगितलंय कोणी? बसायचं आसन, पिशवी, चपलेचा आतला तळ, भिंतीवरचं काहीतरी, अशा कामाला हीच लोकर पाहिजे, मऊ लोकर तिथे झिजून जाते. आणि काळा, तपकिरी, करडा हे रंग मेंढीच्या अंगावरच तयार असतात, डाय करायची भानगडच नाही.

घोंगडी सगळ्यांना माहीत असते पण तिच्यामागचं काम कोणी बघत नाही. कातरलेली लोकर झटकून त्यातले काटे, गोखरू वेचायचे, मग पिंजायची, मग बायका चरख्यावर सूत काढणार, सणगर समाजाचे विणकर ते खड्ड्याच्या मागावर विणणार, आणि ताणा म्हणजे उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना चिंचोक्याची खळ! कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ, ती हातात घेतली की जाडीभरडी म्हणणारे गप्प बसतात, खरंच. पण कातरतानाच जावळ, पाठीची लोकर आणि पोटाखालची मळकट लोकर वेगळी ठेवली तर उपयोग, सगळं एकाच पोत्यात कोंबलं की चांगल्या लोकरीलाही मळक्या लोकरीचाच भाव.

ज्यांना कातायचा कंटाळा त्यांनी नमद्यासारखं (नमदा म्हणजे लोकर दाबून केलेली चटई) काही करून बघावं. पिंजलेल्या लोकरीचे आडवे-उभे थर द्यायचे, गरम पाणी आणि साबण घालून चोळत, गुंडाळत राहायचं. तंतूवर बारीक खवले असतात ते एकमेकांत अडकतात आणि माग न लावता कापडासारखा जाड तुकडा तयार होतो. हात दुखतात हे आधीच सांगते, आणि तुकडा बराच आकसतो, त्यामुळे सुरुवात मोठ्या मापाने करा.

मेंढपाळ लोकर फेकतात म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, पैसे मिळतात ते मटणाचे, म्हणून मग अंगावर लोकर कमी असलेल्या जातींशी संकर करतात. असंच चालू राहिलं तर उद्या हौसेने कातायला बसणाऱ्यांनाही दख्खनी लोकर मिळायची नाही.

मेंढी विकास महामंडळाने मेंढीचं वजन वाढवण्याबरोबर कातरणीच्या जागीच लोकर निवडण्याचं ट्रेनिंग द्यावं, निवडलेली लोकर किलो-दोन किलोच्या पाकिटात विकायला ठेवावी, आमच्यासारखे विणणारे घेतील. आणि तुम्ही पुढच्या विणकामाच्या लेखात एक तरी नमुना दख्खनीचा द्या, मफलर सोडून.

— एक विणकामवेडी वाचक