ट्रेलर घेताना फ्लोअर दाबून बघा

संपादक साहेब,
इकडे अमेरिकेत आपली मराठी मंडळीपण आता कॅम्पिंगसाठी ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची छोटी खोली) बघतायत, त्यांना मनापासून सांगतो, स्कॅम्प किंवा बोलर या ब्रँडचा जुना १३ फुटी ट्रेलर मिळत असेल तर सोडू नका, वरचा आणि खालचा असे फायबरग्लासचे दोनच भाग मधे जोडलेले असतात, त्यामुळे लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरसारखा तो आतून कुजत नाही. फक्त दाराजवळचं फ्लोअर पायाने दाबून बघा, प्लायवूड मऊ लागलं तर पाणी मुरलंय समजा आणि भाव पाडा, खाली वाकून फ्रेमला तडे गेलेत का तेही बघाच.

छतावर २०० वॅटचं सोलर आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली की दिवे, पंखा, पाण्याचा पंप, मोबाईल सगळं आरामात चालतं. एसीचा हट्ट मात्र नको!

— एक वाचक, डेन्व्हर