चिखलातली मर्दुमकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बोर्निओच्या जंगलातल्या गाडीसफरीचा लेख वाचला. लेखकाची हौस दांडगी आहे, फोटोही झकास आहेत. पण मी सातपूरला गाड्यांच्या जोडणीवर एकतीस वर्षं काढली, त्यामुळे काही वाक्यं घशाखाली उतरेनात.

‘अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि गाडीने चिखलातून उसळी घेतली.’ उसळी? चाक जागच्या जागी फिरलं की टायरच्या खाचा चिखलाने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी आपल्याच हाताने खड्डा खणून त्यात बसते. दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा, की मोकळं सुटलेलं चाक गरगर फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं बापडं बघत राहतं. म्हणून तर दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक असतो. म्हणून टायरची हवा कमी करायची, लो गियर टाकून सावकाश निघायचं, नाहीच जमलं तर विंच, म्हणजे गाडीवरचा तार गुंडाळून ओढणारा रहाट. तेव्हाही झाडाला आधी रुंद पट्टा गुंडाळतात, नाहीतर साल सोलून निघते. तुमच्या फोटोत तार थेट खोडाला आवळलेली आहे. आणि खाली ओळ, ‘निसर्गाशी एकरूप’!

बोर्निओ ‘मलेशियाचं बेट’ नाही. तिथे तीन देश आहेत, आणि सर्वांत मोठा तुकडा, कालिमंतान, इंडोनेशियाचा. सबाह आणि सारावाक तेवढे मलेशियाचे, मध्ये चिमुकलं ब्रुनेई. ‘माणसाचं पाऊल न पडलेल्या जंगलात’ गाडीची वाट कुणी पाडली, हेही लेखकाने विचारलं नाही. तिकडच्या असल्या कित्येक वाटा लाकूडतोडीच्या ट्रकांसाठी काढलेल्या आहेत. बाकी ‘असं धाडस प्रथमच’ वगैरे राहू द्या. कॅमल ट्रॉफी नावाच्या गाडीस्पर्धेवाले १९८५ मध्ये लँड रोव्हर घेऊन तिथल्याच चिखलात रुतले होते, १९८१ मध्ये सुमात्रात.

आता खरं सांगतो. माझा राग बोर्निओवर नाही.

घोटीच्या पुढे भंडारदरा रस्त्याला आमचं दीड एकर भात आहे. भाऊ-वहिनी कसतात. दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी तीन चकचकीत गाड्या रस्ता सोडून थेट खाचरात उतरल्या. त्यांना म्हणे ‘ट्रेल’ हवा होता. तिसरी गाडी ॲक्सलपर्यंत रुतली. ड्रायव्हर तुमच्या लेखकासारखाच, पाय उचलायला तयार नाही! वहिनीची तीन दिवसांची आवणी, म्हणजे लावलेली भाताची रोपं, मागच्या चाकांनी उडून माझ्या सदऱ्यावर आली. बांध फुटला, साचलेलं पाणी ओढ्याला लागलं. चिखलणी करून खाली जो घट्ट थर बसतो, ज्याच्या जिवावर पाणी टिकतं, तो त्या चरांनी फुटला. बांध घातला, पण त्या कोपऱ्यात त्या वर्षी पाणी ठरलंच नाही.

पुतण्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. नुकसानभरपाई सोडाच, डिझेलचेही पैसे नाहीत. ‘थँक्यू अंकल, मस्त अनुभव’ म्हणाले आणि त्यांच्या क्लबचं स्टिकर दिलं. जाताना एकाने विचारलं, इथे चहा कुठे मिळेल? वहिनीने दिला. मला तो राग अजून आहे, तिला नाही.

लेखाखाली ‘नाशिकजवळही असे थरार’ म्हणून चौकट आहे, त्यात इगतपुरी तालुक्याचं नाव ठळक अक्षरात. पुढच्या वेळी त्याच अक्षरात एवढंच छापा, की पावसाळ्यात जो चिखल दिसतो तो बहुधा कुणाचं तरी शेत असतं आणि मालकाला विचारल्याशिवाय त्यात उतरू नये. रस्त्यातल्या खड्ड्यांवरचा विनोद मी करणार नाही, तो तुमच्या अंकात रोज कुणीतरी करतंच.

आपला,
एक जुना वाचक, सिडको, नाशिक

ता. क. पुरवणी मी सोमवारी वाचली, कारण रविवारी ती दारात लगदा होऊन पडली होती. इस्त्री फिरवून वाळवली. पावसाचे चार महिने अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालायला आपल्या वितरकाला सांगाल का? तिसऱ्यांदा लिहितो आहे. कोड्याचं पान तर अजून सुटं होत नाही.