लॅबवाल्या काकांना, पिवळ्या मारबतीच्या फोटोंसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. नागपूरच्या महाल-इतवारीत ज्यांनी कधीकाळी रोल धुवायला टाकले, ते तुम्हाला तसेही ओळखतील. हे पत्र घरी आणून देता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या रात्री तुम्ही जे दाखवलंत ते माझ्यासारख्या नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्यांना कुणी बसून सांगत नाही.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस होता. सकाळपासून मी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात त्या मोठ्या स्त्री-पुतळ्याच्या मिरवणुकीत होते. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, काळी तिच्याही आधीपासून, आणि नेहरू पुतळा चौकात दोघींची भेट होते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. 'इडा, पिडा घेऊन जा गे मारबत' या आरोळ्यांत मी ६४० फोटो काढले. कधी ऊन, कधी ढग, मध्येच इतवारीच्या अरुंद गल्ल्या, मध्येच दुकानांच्या निळ्या ताडपत्र्या. वस्तीतल्या मंडळींना दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो द्यायचं कबूल केलं होतं.

रात्री आठला मी लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फोटो मनासारखा केला. पिवळा रंग खुलवला, एका पोराचा चेहरा ब्रशने उजळला, कोपऱ्यातला लोंबकळता वायरचा तुकडा पुसला, थोडं क्रॉप केलं. मग सगळे फोटो निवडले, एका फोटोतले बदल बाकीच्यांना लावणाऱ्या सिंकच्या खिडकीत सगळ्या खुणा करून टाकल्या आणि बटण दाबलं. दहा मिनिटांनी पाहते तर कुठे मारबत नारिंगी, कुठे हिरवट. क्रॉपने माणसांची डोकी उडालेली. वायर पुसायची गोल खूण दुसऱ्या फोटोत एका बाईच्या गालावर बसलेली. मी रडवेली होऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही जेवण अर्धवट टाकून आलात, हे मला काकूंकडून नंतर कळलं.

"काही गेलं नाही न बेटा," हे तुमचं पहिलं वाक्य. मूळ फाइलला हे सॉफ्टवेअर हात लावत नाही, फक्त काय बदल करायचे ते वेगळं लिहून ठेवतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण तुम्ही सगळे फोटो निवडून रीसेट दाबलंत आणि ६४० फोटो जसेच्या तसे परत आले, तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला.

नंतरचा अर्धा तास तुम्ही मला एकाही स्लायडरला हात लावू दिला नाही. नुसते बारीक फोटो खाली-वर सरकवत बसलात आणि म्हणालात, "आधी उजेड पाय, मंग फोटो पाय." म्हणजे आधी उजेड पाहा, मग फोटो. तुमच्या लॅबमध्ये ३६ फोटोंचा रोल आला की आधी एक टेस्ट प्रिंट काढायचे, मशीनवर सायन, मजेंटा, यलो आणि डेन्सिटीची बटणं दाबून रंग बसवायचे. रोलमध्ये मध्येच फ्लॅशचे फोटो आले की त्यांचं करेक्शन वेगळं. मी जे 'बॅच एडिटिंग' म्हणून नवीन शिकत होते, ते तुम्ही वर्षानुवर्षं हाताने करत आलात.

मग आपण गट पाडले. उघड्या चौकातलं ऊन लाल लेबल, ढगाळ उजेड पिवळं, गल्लीतली सावली हिरवं, ताडपत्रीखालचे निळं. कीबोर्डवर ६ ते ९ आकडे दाबले की लेबल लागतात, तेही तुम्हीच दाखवलंत. संध्याकाळचे जास्त आयएसओचे, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढलेले दाणेदार फोटो आणखी बाजूला काढले, कारण त्यांचा नॉइज, म्हणजे ते दाणे, कमी करावा लागतो आणि तोच आकडा दुपारच्या फोटोंना लावला तर चेहरे मेणासारखे दिसतात.

पुढे तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. मारबत कॅमेऱ्याला फसवते, आणि दोघी दोन बाजूंनी फसवतात. पिवळीने चौकट भरली की कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप बसवणाऱ्या सोयीला, वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळं मिसळतो आणि माणसं आजारी दिसायला लागतात. काळीने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो आणि काळी मारबत राखाडी होते. म्हणजे पाठोपाठ काढलेल्या दोन फोटोंचा पायाच वेगळा. त्यावर सारखंच एडिट चढवलं तर फरक तसाच राहणार.

मी सगळं रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर बदलता येतात अशा मूळ फाइलमध्ये काढलं होतं, हे एवढंच माझ्या हातून नीट झालं होतं. त्यामुळे प्रत्येक गटाला केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, एकच आकडा देता आला. 'ॲज शॉट', म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याने बसवलेला रंग, तसंच ठेवून सिंक केलं तर प्रत्येक फोटो आपापल्या आकड्यावरच राहतो, ही गोष्ट मला स्वतःहून कधीच कळली नसती. रंग बसवायला रंगहीन जागा दाखवतात त्या ड्रॉपरने मी एका काकांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर टिचकी मारायला गेले, तेव्हा तुम्ही हात धरलात. "कपड्याला नीळ असते. शिमिटाचा रोड पाय." सिमेंटच्या रस्त्याच्या राखाडीवर टिचकी मारली आणि पिवळा खरा पिवळा झाला.

उजेड सारखा करायला 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' वापरलं. शटर, ॲपर्चर आणि आयएसओ पाहून ते प्रत्येक फोटो निवडलेल्या मुख्य फोटोइतका उजळ करतं. गट उजेडाप्रमाणे पाडले होते म्हणूनच ते चाललं. त्याआधी मी सगळ्यांना सरसकट एकच एक्स्पोजर देत होते. शेवटी सिंकची खिडकी उघडून व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल, लेन्स करेक्शन आणि शार्पनिंग एवढ्यांवरच खूण केली. क्रॉप, हीलिंग (पुसणं) आणि मास्क (ब्रशने उजळणं) यांवरची खूण तुम्ही स्वतः काढलीत. ऑटो सिंकची कळ तर बंदच ठेवायला लावलीत, कारण ती चालू राहिली की एका फोटोत केलेला बदल निवडलेल्या सगळ्यांत न विचारता जातो.

रात्री एक वाजता काम संपलं. चहाचा तिसरा कप तुम्ही तसाच ठेवून गेलात. सकाळी वस्तीत फोटो दाखवले तेव्हा एका आजोबांनी चष्मा पुसून स्क्रीन डोळ्यांजवळ नेला आणि "आपला पिवळा हाच," एवढंच म्हणाले. मला त्या क्षणी तुमचीच आठवण आली.

पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात. फक्त एक प्रिंट मागितलीत, आणि तीही मी टाकून दिलेल्या फोटोची: ताडपत्रीखाली बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुरुष-पुतळा, धरून उभा असलेला पोरगा, अंगभर निळा उजेड. तो मी कितीदा सुधारायला घेतला, पण त्वचा नीट होईना. तुम्ही म्हणालात, "त्याले निळाच राहू दे. ताडपत्रीखाली पोरगं निळंच दिसते."

मी त्याला गटाचं एडिट लावलं नाही, काका. निळा तसाच ठेवून आठ बाय बाराची प्रिंट काढली आहे. रविवारी सकाळी घेऊन येते, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
मारबतवाली पोरगी
महाल, नागपूर