बंदूक डिकीत, मी चहाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फौजेतून निवृत्त झाल्यावर बँकेत सुरक्षारक्षक आहे. बाराबोरची बंदूक स्वतःच्या परवान्यावरची. गेल्या वर्षी मुलीकडे धुळ्याला निघालो होतो. आग्रा रोडवर चहाला दहा मिनिटं थांबलो, तेवढ्यात मागची काच फुटली आणि डिकीतलं कॅनव्हासचं कव्हर बंदुकीसकट गायब. काडतुसं तेवढी माझ्या खिशात होती, नशीब!

वाटेतल्या ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ ऐकून दोन तास गेले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर!

नळीवरचा नंबर माझ्या डायरीत होता, म्हणून फिर्यादीत नीट उतरला. परवान्याची झेरॉक्स मात्र कव्हरच्याच खिशात. शहाणपणा बघा. सात महिन्यांनी बंदूक सापडली ती नंबरावरूनच. आता ती मुद्देमाल आहे. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केलाय. चुलतभाऊ म्हणतो, मिळाली की विकून टाक. नोकरी कशावर करू?

निवडणूक आली की हत्यार जमा करायला ठाण्यातून फोन येतो. तसंच गावाला जाताना चार दिवस ते ठेवून घेऊन पावती देण्याची सोय ठाण्यात करावी, एवढीच विनंती.

– एक परवानाधारक माजी सैनिक, देवळाली कॅम्प, नाशिक