वर्गणीदार पुष्कळ, पहारेकरी थोडे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांमधील व्याख्यानमाला, वाचनालयांचे वार्षिक कार्यक्रम आणि संगीतसभा एकेक करून बंद पडत असल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि त्यांत आयोजकांचे म्हणणे बहुधा ठरलेले असते : लोक येत नाहीत, हातातला मोबाइल सुटत नाही, नव्या पिढीला आवड उरलेली नाही. परभणी जिल्ह्यातील अशाच एका गावात मी शिक्षिका म्हणून बदलून आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. इतकी वर्षे हे सारे जवळून पाहिल्यानंतर मला आयोजकांचे हे निदान मान्य करता येत नाही.

ज्या गावात व्याख्यानाला मांडलेल्या खुर्च्या निम्म्याही भरत नाहीत, त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनाला मंडप अपुरा पडतो. यावर ‘तिथे श्रद्धा असते’ असे उत्तर मिळते. श्रद्धा असतेच, परंतु तेवढ्याने सात दिवस निभत नाहीत. सप्ताह ठरला की पहिल्याच बैठकीत पहाऱ्याची यादी तयार होते, कारण विणा सात दिवस खाली ठेवायचा नसतो आणि दिवसाच काय, रात्रीच्या प्रत्येक पहाऱ्यालाही विणेकरी व टाळकरी लागतात. मग काकडा कोणी म्हणायचा, पारायणाची व्यवस्था कोणाकडे, कोणत्या दिवशीची पंगत कोणत्या गल्लीची, पाण्याचा टँकर कोण आणणार, हे सगळे नावानिशी ठरते. पोळ्या घरोघरून येतात, भाजी चिरायला बायका दुपारपासून बसतात, वाढपी म्हणून शाळेतील मुलेसुद्धा चालतात. मागच्याच महिन्यात बदलून आलेला बँकेतील कारकून तिसऱ्या दिवशी आमटीची बादली घेऊन पंगतीत फिरताना दिसतो आणि काल्याच्या दिवसापर्यंत निम्मे गाव त्याला नावाने हाक मारू लागते. रात्री दोनच्या पहाऱ्याला ज्याचे नाव लागले आहे, त्याला हा कार्यक्रम आपला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सप्ताहातही सारे आलबेल असते असे माझे म्हणणे नाही. पोळ्या लाटणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव पत्रिकेवर नसते, आणि काही वस्त्यांमध्ये वर्गणीची पावती वेळेवर पोहोचते, पहाऱ्याची यादी मात्र पोहोचत नाही, हेही मी पाहिले आहे. तरीही माणसाला काम देऊन आपले करून घेण्याची जी रीत गावाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, ती इतर सार्वजनिक कामांत आपण का वापरत नाही, हा माझा प्रश्न आहे.

व्याख्यानमालेचे उदाहरण घ्या. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि त्यांचे दोन-तीन जुने मित्र, एवढ्यांतच सारे ठरते. बैठक रात्री नऊनंतर कोणाच्या तरी दुकानात भरते, म्हणजे बायका, मुलेबाळे असलेले तरुण आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडणारे नोकरदार आपोआप बाद होतात. वक्ते ठरल्यावर पावतीपुस्तके घेऊन हीच मंडळी बाजारपेठेत फिरते, आणि गावाशी त्यांचा संबंध येतो तो तेवढाच. पैसे देणारा माणूस पैसे देऊन मोकळा होतो. शेवटच्या दिवशी सतरंज्या गोळा करायला साठी ओलांडलेले सचिव स्वतः वाकतात आणि मग गावाच्या उदासीनतेबद्दल बोलतात. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण सतरंजी उचलायला कोणाला आधी सांगितले होते का, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

तालुक्याच्या गावात हा प्रश्न खेड्यापेक्षा अधिक अवघड आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे ती मूठभरांत उरकली जाते, हे खरे. तरी उठून प्रश्न विचारण्याची हक्काची एक जागा तिथे कायद्याने दिलेली आहे. नगरपरिषदेच्या गावात तशी सवय लावणारी व्यवस्थाच दिसत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. चाळीस-पन्नास हजार वस्तीचे गाव त्यात येत नाही. त्यातच अलीकडे कित्येक नगरपरिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, त्यामुळे गल्लीतील नाली तुंबली तर कोणाकडे जायचे हेसुद्धा लोकांना कळेनासे झाले होते. अशा गावात शेजारच्या गल्लीतील माणसांची ओळख व्हायची, तर वाचनालय, भजनी मंडळ, गणेश मंडळ आणि शाळेची पालकसभा एवढ्याच जागा हाताशी राहतात. म्हणून त्या चालल्या पाहिजेत, असे मला वाटते.

वाचनालयांबद्दल थोडे अधिक लिहिते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी आणि शासकीय अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालये आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांपैकी अनेकांच्या अभ्यासिकांत आज स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. गावातील शिकलेल्या तरुणांचा एवढा मोठा समूह रोज एका छपराखाली इतरत्र कुठेच जमत नाही, आणि त्याच इमारतीच्या सभागृहात होणाऱ्या कार्यक्रमाला नव्या पिढीची आवड उरली नाही असे म्हटले जाते! या मुलांना आजवर कोणी वक्ता सुचवायला, प्रश्नोत्तरांचे संचालन करायला किंवा व्याख्यानाचा वृत्तांत लिहायला सांगितले आहे काय? ज्यांना उद्या मुलाखतीला बसायचे आहे, त्यांना चार माणसांसमोर उभे राहून बोलायची संधी नको असेल, असे मला वाटत नाही.

जबाबदारी केवळ आयोजकांची नाही. शाळा, बँका, दवाखाने आणि तहसील कचेरी यांतील कितीतरी कर्मचारी जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोज अप-डाऊन करतात, आणि जे गावात खोली घेऊन राहतात तेही शनिवारी दुपारीच बॅग भरतात. गावात काही घडत नाही ही तक्रार मात्र त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त ऐकू येते. अशांनी आरंभी मोठे काही करू नये, असे मी सुचवीन. संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसावे, गल्लीतील गणपतीच्या आरतीला उभे राहावे, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाटकाची तालीम घ्यावी. गावाला सल्ला देण्याची घाई मात्र करू नये. पहिल्याच बैठकीत ‘आमच्या पुण्याला असे करतात’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या बैठकीचा निरोप सहसा येत नाही.

आणि हिशेब. सण-उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची, तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते व नंतर जमाखर्चही सादर करावा लागतो. तोच कागद एक प्रत काढून चौकातील फलकावर लावायला काही खर्च येत नाही. वर्गणीविषयीची निम्मी कुजबुज तेवढ्याने थांबेल आणि ‘पुढच्या वर्षी मीही येतो’ म्हणणारे दोघे-चौघे निघतील.

या भागाला सार्वजनिक काम नवे नाही. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान ५३’सारख्या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची म्हटले तरी परवानगीचा प्रश्न येई, त्या काळात १९३७ साली परतूरसारख्या लहान गावात हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. आपल्या काळातील उदाहरण द्यायचे, तर २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत असताना मांजरा नदीच्या खोलीकरणासाठी तिथल्या नागरिकांनी स्वतः पैसा उभारला आणि कामावर उभेही राहिले. संकटात माणसे जमतात. वाचनालयाच्या वार्षिक सभेला मात्र जमत नाहीत, कारण त्या सभेची सूचना बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

येथे आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. तालुक्याच्या पानावर कार्यक्रमाची बातमी येते ती कार्यक्रम होऊन गेल्यावर, आणि तिच्यातील बरीच जागा व्यासपीठावर उपस्थित असलेल्यांच्या नावांनी व्यापलेली असते. त्याऐवजी दर रविवारी येत्या आठवड्यातील कार्यक्रमांची तालुकावार चौकट द्यावी. तिच्यात पाहुण्यांची नावे नसली तरी चालेल, परंतु जागा, नेमकी वेळ आणि मदतीला यायचे असल्यास कोणत्या ठिकाणी कधी भेटावे, एवढे अवश्य असावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. परभणी