हे खरे आहे काय? (आमच्या काकांना जाहीर थँक्यू)

काका, नमस्कार.

लांब मेसेज आला की तुम्ही फोन उलटा करून ठेवता हे माहितीय, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की चहा झाल्यावर हे वाचून दाखव. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्या खारेपाटात, म्हणजे रायगडच्या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, आपल्यासारखी अजून बरीच गावं नुसते अर्ज करत बसलीयत, त्यांच्याही कामाला येईल.

बाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात. आमचं गाव खाडीला लागून, शेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध. त्या बांधाला दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं. चिंबोऱ्यांनी आतून पोखरलेलाच होता तो, एका रात्रीत गेला. खारं पाणी थेट भाताच्या खाचरात. लावलेलं होतं पनवेल ३, खाऱ्या जमिनीसाठीच काढलेलं वाण आहे ते, पण थोडा खारटपणा सोसणं वेगळं आणि रोज दोनदा भरतीत बुडणं वेगळं. चौथ्या दिवशी आईने वाफ्यातली माती बोटाला लावून जिभेवर ठेवली आणि काही न बोलता घरात गेली. आमच्याकडे माती परीक्षण असंच होतं.

मग अर्ज सुरू झाले. ग्रामपंचायतीचा ठराव, शेतकऱ्यांच्या सह्या, फोटो, पुन्हा अर्ज. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही, उत्तर सगळीकडे एकच मिळतं, "निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल". दीड वर्षात सात अर्ज आणि प्रत्येकाची पोच माझ्याकडे फाईलमध्ये, त्या पोचांवरचे शिक्केच काय ते सुंदर आहेत.

तेव्हा कुणीतरी म्हणालं की आमदारांकडून विधानसभेत प्रश्न टाकून घ्या, आणि तुम्ही विधान भवनात आख्खी नोकरी काढून गावी परत आलायत हे मला त्या दिवशी कळलं. लाज वाटते सांगायला, चार वर्षं तुमच्या ओटीवरून रोज जातोय आणि मला वाटायचं तुम्ही मुंबईला पोस्टात होतात.

मी आणलेला पहिला कागद आठवतोय ना? दोन फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. "झोपी गेलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार", "बळीराजाच्या डोळ्यातले अश्रू", असलं सगळं, रात्री दोन वाजता लिहिलेलं आणि मला वाटत होतं की काय जबरदस्त लिहिलंय. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलंत, एकदाही हसला नाहीत, आणि म्हणालात, "भाषण चांगलं आहे. प्रश्न कुठाय?"

मग लाल पेन काढलंत. अश्रू गेले. झोपी गेलेले गेले. का जाताहेत तेही सांगत होतात, की प्रश्नात युक्तिवाद नको, टोमणा नको, कुणावर आरोप नको, ऐकीव माहिती नको, मंत्र्याचं मत विचारायचं नाही, कोर्टात असलेला विषय नको, यातलं काही सापडलं की विधिमंडळाच्या सचिवालयाला तो प्रश्न बाद करायला आयतं कारण मिळतं. लोकसभेत तर १५० शब्दांची मर्यादा आहे म्हणालात, त्यात बसत नाही ती गोष्ट प्रश्नाची नाहीच. मी म्हटलं मग राग कुठे लिहायचा? तुम्ही म्हणालात घरी.

आणि एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही जे लिहिलंत ते मी अजून जपून ठेवलंय. चार ओळी होत्या. पहिली, अमुक गावच्या बांधाला अमुक महिन्यात "वा त्यासुमारास" खांड पडून शेतीत खारे पाणी शिरले, हे खरे आहे काय. दुसरी, असल्यास, खांडीची लांबी किती व बाधित क्षेत्र किती. तिसरी, असल्यास, दुरुस्तीबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चौथी, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

एवढंच. मला खरं सांगू का, फसवल्यासारखं वाटलं होतं. इतक्या थंड चार ओळींनी काय होणार?

त्या "वा त्यासुमारास" वर तुम्ही पंधरा मिनिटं घालवलीत. तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी उत्तर येतं "हे खरे नाही", आणि ते खोटंही नसतं, कारण त्या तारखेला खरंच काही झालेलं नसतं. एकदा पहिल्या भागाला "हे खरे नाही" आलं की खालच्या सगळ्यांना ओळीने "प्रश्न उद्भवत नाही", "प्रश्न उद्भवत नाही". गावची शेती बुडालेली, आणि कागदावर प्रश्नच उद्भवत नाही! म्हणून पहिल्या भागात फक्त तेवढंच लिहायचं जे ते नाकारूच शकत नाहीत. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं काका.

लांबी मोजायला पण तुम्हीच पाठवलंत. मी सातही अर्जांत "मोठी खांड" असं लिहिलं होतं. मोठी म्हणजे किती, तुम्ही विचारलंत, आणि मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी आणि चुलतभाऊ सुंभाची दोरी घेऊन गेलो, कमरेएवढ्या चिखलात, दोरीला गाठी मारून आणली आणि तुमच्या ओटीवर टेपने मोजली. १४ मीटर. आपल्या भागात चरी गावच्या संपाची गोष्ट आजही सांगतात, १९३३ पासून सहा-सात वर्षं शेतकऱ्यांनी नांगर धरला नाही, त्या लोकांची नातवंडं आम्ही, मोर्चा काढायला कुणी शिकवावं लागत नाही आम्हाला. पण आपलीच खांड किती मीटर आहे ते दीड वर्षात एकानेही मोजलं नव्हतं.

गावात तेव्हा एक जण म्हणाला होता, प्रश्न विचारायला पैसे लागतात, २००५ ला खासदार पकडले नव्हते का कॅमेऱ्यावर. मी ते येऊन तुम्हाला विचारलं, भीत भीतच. तुम्ही म्हणालात हो, खरंय, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून त्या डिसेंबरात ११ खासदारांची खासदारकी गेली, पण हे बघ, ज्या गोष्टीला काही किंमत नाही तिच्यासाठी कोण कशाला पैसे मोजेल? मग मुंदडा प्रकरण सांगितलंत. १९५७ साली फिरोज गांधींनी लोकसभेत एलआयसीने मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातलेल्या पैशांचा विषय लावून धरला, स्वतः सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई असून, त्यावर न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. आमचा खर्च झेरॉक्सचे चाळीस रुपये झाला, तो पण आमदारांच्या पीएने चहा पाजून फेडला.

तरी मला वाटत होतं की आता आमदार साहेब उभे राहणार, मंत्र्यांना घाम फुटणार, टीव्हीवर दिसणार. तुम्ही तेव्हाच पाणी ओतलंत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न यादीत येतात, त्या वीसमधले तोंडी होतात चार-पाच, बाकी सगळ्यांना लेखी उत्तर, विधानसभेतही तोंडी थोडेच होतात. तारांकितचा फायदा एवढाच की उभं राहून उपप्रश्न विचारता येतो, पण नंबर लागला तर. तुम्ही म्हणालात, "सभागृहात काय होतं ते विसर. प्रश्न गेल्यावर खाली काय होतं ते बघ."

आणि ते मी बघितलं.

नागपूर अधिवेशनाच्या आधीची गोष्ट, अजून अधिवेशन सुरू पण नव्हतं. सकाळी आठला फोन, बांधावर या. जाऊन बघतो तर दीड वर्षात एकदाही न दिसलेले साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे, बूट हातात, सोबत एक पोरगा टेप धरून आणि तिसरा मोबाईलवर लोकेशनचे फोटो काढतोय. मला बघून पहिलं वाक्य, "ते एलएक्यू तुमचं का?" मला एलएक्यू म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, तुम्ही नंतर सांगितलंत की विधानसभेच्या प्रश्नाला ऑफिसात सगळे एलएक्यूच म्हणतात. साहेब माणूस वाईट नव्हता हो, उलट म्हणाला की मी स्वतः तीनदा अंदाजपत्रक वर पाठवलंय, वर कुणी उघडून बघत नाही, आता मंत्रालयातून रोज दोन फोन येतायत, आजच्या आज माहिती द्या म्हणून.

तिथे मला तुमचं म्हणणं कळलं. आमचा अर्ज खालून वर जात होता आणि मध्येच कुठल्यातरी टेबलावर झोपत होता. प्रश्न वरून खाली येतो. मंत्रालयातल्या कार्यासनाकडून मुख्य अभियंता, तिथून अधीक्षक, कार्यकारी, उप आणि शेवटी चिखलात उभा असलेला हा माणूस, आणि मग तीच माहिती पुन्हा सह्या गोळा करत वर जाते, प्रत्येकाला आपल्या सहीखाली काय लिहिलंय ते वाचावं लागतं, कारण शेवटी मंत्र्याच्या नावाने छापून येणार आणि चुकीचं निघालं तर हक्कभंगाची भानगड. माहितीच्या अधिकारात मला ३० दिवसांत कागद मिळाला असता, मिळालाच म्हणा, पण तो फाईलमध्ये जे आहे तेवढंच सांगतो. बांध मोजायला कुणी आलं नसतं.

उत्तर आलं त्या दिवशीची पीडीएफ मी तुम्हाला दाखवायला धावत आलो होतो. "(१) हे अंशतः खरे आहे." मी वैतागलो, अंशतः काय अंशतः, आख्खा बांध गेलाय! तुम्ही मात्र खूश. म्हणालात अंशतः म्हणजे होयच, फक्त मान खाली न घालता म्हटलेलं होय. पण दुसऱ्या भागात त्यांनी लांबी लिहिली होती ६ मीटर. कुठल्या जुन्या पाहणीचा आकडा होता देव जाणे, टेपने मोजून गेलेल्या साहेबांचा तर नव्हता, म्हणजे खालून गेलेली माहिती वर जाईपर्यंत कुठेतरी जुन्या कागदाला चिकटली. आणि तिसऱ्यात "अंदाजपत्रक तयार करण्यात आले असून मंजुरीची कार्यवाही सुरू आहे".

माझ्यासाठी तिथे विषय संपला होता. तुमच्यासाठी तिथे सुरू झाला. "कार्यवाही सुरू आहे" या शब्दांखाली तुम्ही पेनाने रेघ मारलीत आणि म्हणालात, आता हे त्यांनी लिहून दिलंय. अशी आश्वासनं मोजत बसणारी समिती असते, आश्वासन समिती, लोकसभेत तर ती १९५३ पासून आहे आणि दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असा तिथला दंडक. पाळला किती जातो ते सोडा, तुम्हीच हसलात ते सांगताना. पण पुढच्या अधिवेशनाला तुम्ही नवा प्रश्न बांधून दिलात, आणि त्यात आपलं स्वतःचं काहीच नव्हतं, सगळे त्यांचेच शब्द. अमुक क्रमांकाच्या प्रश्नाच्या उत्तरात मंजुरीची कार्यवाही सुरू असल्याचे नमूद केले होते, हे खरे आहे काय. खांडीची लांबी ६ मीटर नमूद केली असून प्रत्यक्षात १४ मीटर आहे, हे खरे आहे काय. आता "हे खरे नाही" म्हणणार कसे?

मे महिन्यात बोट मातीने भरून आली. पोकलेन आला, दगड आले, पहिल्या मोठ्या उधाणाच्या नऊ दिवस आधी खांड बुजली. आमदार साहेबांचा बोर्ड लागला त्यावर, लागू दे, प्रश्न त्यांनीच टाकला होता आणि पीए पोरगा तर आमच्यासाठी दोनदा पनवेलहून परत फिरलाय. तुमचं नाव कुठेच नाही. नारळ फोडताना तुम्हाला बोलवायला मी आलो तर तुम्ही म्हणालात ऊन फार आहे.

या वर्षी भात घेतलं नाही, मीठ धुवून जायला अजून पावसाळे लागतील. पण परवा आईने पुन्हा माती जिभेवर ठेवली आणि म्हणाली, कमी झालाय. तुमच्यासाठी तिने सुकटीची चटणी दिलीय, तिखट बेताचं आहे, तुमच्या डॉक्टरांना सांगू नका.

थँक्यू काका. नीट म्हणायला जमत नाही समोर, तुम्ही लगेच विषय बदलता.

आता एक राहिलंय. बांध झाला पण उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीचं, दार तसंच आहे, बिजागरी गंजून गेलीय, भरतीला दार बंदच होत नाही आणि बांध धड असून त्या भोकातून पाणी आत येतंय. बांधाच्या अंदाजपत्रकात दार नव्हतं म्हणे. मसुदा मी स्वतः लिहिलाय या वेळी, दाराची रुंदी मोजलीय, फोटोवर तारीख आहे, "वा त्यासुमारास" टाकलंय, अश्रू एकही नाही. ११२ शब्द झालेत. रविवारी सकाळी येतो, लाल पेन काढून ठेवा.