आई-बाबा, माझ्या लहानपणाबद्दल थोडं विचारायचंय

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला जमलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की मी "सगळं छान चाललंय" म्हणून मोकळी होते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आई, पत्र शेवटपर्यंत वाच, मगच बाबांशी बोल. मध्येच घाबरून फोन करू नकोस.

गेले काही महिने मला वाटतंय की मला ऑटिझम असावा, म्हणजे मी स्वमग्न असावी. अजून नक्की काहीच नाही. पुढच्या महिन्यात एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तपासणी सुरू होईल, आणि तिथे तुमची मदत लागणार आहे. ती काय, ते शेवटी लिहिते. आधी एवढंच ऐका, की मला नवीन काही झालेलं नाही. हे असलंच तर जन्मापासून आहे. तुम्ही जिला वाढवलंत तीच मी आहे.

मी वर्षभर थकलेली होते, हे तुम्हाला माहीत आहे. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं जागेवर निघालं. मग डॉक्टरांनी समुपदेशनासाठी एका बाईंकडे पाठवलं. तिथे बोलताना माझं लक्ष सारखं छताकडे जात होतं. त्यांनी विचारलं, काय होतंय? म्हटलं, ट्यूबलाइटचा आवाज येतोय. त्यांनी कान देऊन ऐकलं, पण त्यांना काही ऐकू आलं नाही. त्या उठल्या, ट्यूब बंद केली, टेबलावरचा लहान दिवा लावला. माझे खांदे आपोआप खाली आले. ते मलाही कळलं आणि त्यांनाही दिसलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तो आवाज सगळ्यांनाच येतो, बाकीचे तो निमूट सोसतात आणि मीच तेवढी कमी पडते. पुढे त्यांनी गर्दीबद्दल विचारलं, मैत्रिणींबद्दल विचारलं, ठरलेला बेत आयत्या वेळी बदलला की माझं काय होतं ते विचारलं. मग म्हणाल्या, ऑटिझमच्या दृष्टीने एकदा नीट तपासून घ्या.

तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे. "तू तर केवढी बोलतेस! शिकलीस, नोकरी करतेस, घर चालवतेस." ऑटिझम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर न बोलणारं, स्वतःतच रमलेलं लहान मूल येणार. तशी मुलं असतात, काहींना आयुष्यभर आधार लागतो. पण त्याच नावाखाली भराभर बोलणारी, मोठ्या पदांवर काम करणारी माणसंही येतात. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये 11 मुलांवर लेख लिहिला, तिथून या नावाची ओळख झाली. त्या अकरांत 8 मुलगे होते आणि 3 मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी छान बोलता येणाऱ्या पण माणसांत अवघडणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. ते जर्मनमध्ये होतं, त्यामुळे जगाच्या मोठ्या भागात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. 1981 मध्ये लॉर्ना विंग यांनी ते इंग्रजीतून पुढे आणलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. डॉक्टर ज्या अमेरिकन निकषांचा आधार घेतात, त्यांत आस्परगरचं नाव आलं 1994 मध्ये. तोवर माझी शाळा संपत आली होती. 2013 मध्ये ही सगळी वेगवेगळी नावं एकाच छत्राखाली आणली गेली, आणि आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास होणं तेव्हा कुठे निकषांत लिहिलं गेलं.

हे सगळं अशासाठी सांगतेय, की "आमच्या लक्षात कसं आलं नाही" हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारणार. लक्षात यायला कुणाला माहीत तर हवं! चांगले मार्क मिळवणारी, वर्गात गप्प बसणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी. तिच्याकडे कोण कशाला बघेल? मुलींचं निदान फार उशिरा होतं, पुष्कळदा होतच नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मुली झाकायला शिकतात.

मीही शिकले. आई, आपल्याकडे पाहुणे आले की मी आत्याच्या मुलीच्या जवळ जाऊन बसायचे, आठवतं? तुला वाटायचं आमचं गूळपीठ आहे. ती मला आवडायची हे खरंच, पण मी तिला बघत असायचे. ती कुठल्या वाक्यावर हसते, समोरच्याचं बोलणं संपायच्या किती आधी मान हलवते, "कशी आहेस" म्हटल्यावर उलट काय विचारते. रात्री अंथरुणात ते मनातल्या मनात घोकायचे. डोळ्यांत बघून बोलणं मला फार जड जातं, म्हणून मी दोन भुवयांच्या मधोमध बघायला शिकले. समोरच्याला फरक कळत नाही. आजही कुणाला फोन करायचा तर पहिली दोन वाक्यं आधी कागदावर लिहून काढते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती सहज बोलते ही. ही सगळी सहजता दिवसभर परक्या भाषेत बोलल्यासारखी दमवणारी असते, आणि घरी आल्यावर मला अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. त्यालाच नातेवाईक माणूसघाणेपणा म्हणत आले. तुसडी, शिष्ट, एककल्ली, सगळं ऐकलंय मी. मला माणसं नकोशी नव्हती. त्यांच्यामध्ये असणं दमवायचं, एवढंच.

आता आई, खास तुझ्यासाठी लिहितेय. मला माहीत आहे, हे वाचून तू तुझ्या गरोदरपणापासून हिशेब मांडायला बसशील. मी नोकरीवर लवकर परत गेले म्हणून का, जवळ कमी घेतलं म्हणून का, लस दिली म्हणून का. एकेकाळी डॉक्टरसुद्धा हेच म्हणायचे. आया थंड असतात, माया करत नाहीत, म्हणून मूल असं होतं, असं पुस्तकांत छापून यायचं. ब्रूनो बेटलहाइम यांनी तर 1967 मध्ये ते जगभर पोचवलं. कितीतरी आयांनी हा आरोप उरी घेऊन आयुष्य काढलं. मला त्या बायकांबद्दल वाचताना रडू आलं. वास्तविक त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हा विचार खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या गेल्या. 11 एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक निघाले, तर एकसारखी नसलेल्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत असं एकदाही दिसलं नाही. पुढे पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून 2019 मध्ये अंदाज आला, की ऑटिझम असण्या-नसण्यातला सुमारे 80 टक्के फरक आनुवंशिकतेचा असतो. लसीचं म्हणशील, तर ती भीती 1998 च्या एका लेखाने पसरवली. तो फक्त 12 मुलांवर होता, त्यातली माहिती खोटी निघाली आणि 2010 मध्ये त्या मासिकाने तो मागे घेतला. तेव्हा तू काय केलंस नि काय नाही केलंस, याचा यात काही संबंध नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

उलट तुम्ही दोघांनी, या गोष्टीला नाव असतं हे माहीत नसताना, माझ्यासाठी किती जागा करून दिलीत, ते मला आता दिसतंय. माझ्या प्रत्येक नव्या फ्रॉकच्या मानेचं लेबल तू ब्लेडने शिवण उसवून काढायचीस. कात्रीने नाही, कारण कात्रीने कापलं की कडेचा टोकदार तुकडा राहतो आणि मला तोही टोचायचा. तू कधी "काय ही नाटकं" म्हटलं नाहीस. आणि बाबा, कुठे जायचं असलं की तुम्ही आदल्या रात्री मला कागदावर सगळं क्रमाने लिहून द्यायचात. किती वाजता निघायचं, कोण भेटणार, परत कधी येणार. काही बदललं तर कागद मागून घेऊन खोडून नवीन लिहायचात. आज ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना तज्ज्ञ अगदी हेच करायला सांगतात.

बाबा, तुम्हाला एक विचारू का? तुम्हाला कसं कळलं, की मला तो कागद हवाय? तुमच्याही शर्टाच्या खिशात असा कागद कायम असायचा. कार्यक्रमात तुम्ही कोपऱ्यातली खुर्ची धरायचात आणि जेवण झालं की कुणाला न सांगता बाहेर येऊन उभे राहायचात. मीही तुमच्या मागोमाग यायचे. आपण दोघं काही न बोलता उभे असायचो आणि मला फार बरं वाटायचं. मी तुमच्यावर कुठलंही नाव चिकटवत नाहीये. तो अधिकार माझा नाही, आणि या वयात तुम्हाला त्याची गरज आहे की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. पण तुम्हाला कधी आवाजांचा, माणसांचा असा त्रास झाला असेल, तर मला तो ऐकायचा आहे. आपण यावर कधीच बोललो नाही.

आता शंकेबद्दल. मी हे ठरवून टाकलेलं नाही. प्रौढांसाठी 2001 मध्ये केंब्रिजमध्ये तयार झालेली 50 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात 32 किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासावं असं मानतात. माझे त्यापेक्षा जास्त आले. पण अशी प्रश्नावली म्हणजे निदान नाही. खूप काळजी करणाऱ्या माणसाचे, किंवा ज्याला लक्ष टिकवण्याची अडचण आहे अशा माणसाचेही गुण जास्त येऊ शकतात, आणि हे सगळं एकाच माणसात एकत्रही असतं. म्हणूनच मला नीट तपासणी हवी आहे. उत्तर "नाही" आलं तरी ट्यूबलाइटचा आवाज मला यायचा थांबणार नाही, आणि त्याची काळजी मला घ्यावीच लागेल.

"हो" आलं तर काय, हे तू विचारशीलच. ऑटिझम घालवायचं औषध नसतं, आणि मला ते नकोही आहे. मी काही गोष्टी अपराधी न वाटता करू शकेन: ऑफिसात कानांवर हेडफोन, मीटिंगचे मुद्दे आधी लेखी, लागोपाठ दोन समारंभ नाहीत. आणि माझ्यात काहीतरी वाईट आहे म्हणून मला माणसं जमत नाहीत, हा विचार मी खाली ठेवू शकेन. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकांनी 2012 मध्ये एक गोष्ट मांडली, ती मला फार पटली: समजून घेण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. आम्हाला बाकीचे कळत नाहीत, तसे बाकीच्यांना आम्ही कळत नाही. पण सुधारायला मात्र एकाच बाजूला सांगितलं जातं.

तर मदत अशी. हे लहानपणापासून होतं का, हे बघितल्याशिवाय निदान करत नाहीत, आणि माझी पहिली चार-पाच वर्षं फक्त तुम्हा दोघांनाच माहीत आहेत. मी बोलायला कधी लागले? आधी सुटे शब्द की एकदम वाक्यं? ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचे का? हवी ती वस्तू बोटाने दाखवायचे, की तुझा हात धरून तिथे न्यायचे? नाव घेऊन हाक मारली की वळून बघायचे का? खेळण्यांशी खेळायचे, की नुसती ओळीने लावायचे? चवड्यांवर चालायचे का? कशाने रडायचे आणि कशाने शांत व्हायचे? मिक्सर सुरू झाला की मी कुठे जायचे, हे मला पुसट आठवतं, पण तुझ्याकडून ऐकायचंय. बालवाडीतल्या बाईंनी माझ्याबद्दल काही म्हटलं होतं का? जुनी प्रगतिपुस्तकं कपाटात असतील तर शेऱ्यांच्या पानांचे फोटो पाठवा.

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि पाठवेपर्यंत एकमेकांचं वाचू नका, म्हणजे आठवणींची सरमिसळ होणार नाही. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" लिहा, तेही त्यांना उपयोगी पडतं. मला बरं वाटावं म्हणून काही वाढवू नका, आणि मला वाईट वाटेल म्हणून काही गाळूही नका. आई, तुला वाटलं की मी अगदी इतर मुलांसारखीच होते, तर तेही बिनधास्त लिही.

तपासणी होईपर्यंत हे नातेवाइकांत कुणाला सांगू नका. लपवायचं म्हणून नव्हे. कुणाला, कधी आणि किती सांगायचं हे मला ठरवू द्या. तपासणीत त्यांना तुमच्याशी थेट बोलावंसं वाटलं तर व्हिडिओ कॉलवर अर्धा-पाऊण तास लागेल. बाबा, ते काय विचारणार ते मी तुम्हाला आदल्या दिवशी क्रमाने लिहून पाठवीन.

तुमची लेक